दहावी झाली आहे, नाशिकमध्ये हॉटेल लाइनला जायचंय. तीन वर्षांची डिग्री लागतेच का?

नाही, किचन किंवा सर्व्हिसमध्ये शिरायला डिग्री लागत नाही. आयटीआयचा फूड प्रॉडक्शन (जनरल) हा एक वर्षाचा ट्रेड दहावीवर होतो, आणि तेवढ्यावर कॉमी (शेफच्या हाताखालचा ज्युनिअर कुक) म्हणून सुरुवात करता येते. मी इथल्याच एका हॉटेलात किचनची भरती बघतो. आम्ही सर्टिफिकेटवर एक नजर टाकतो आणि हातात सुरी-कांदा देतो. चॉपिंग बोर्ड घसरू नये म्हणून खाली ओला नॅपकिन ठेवला की मुलगा खरंच शिकून आलाय हे कळतं. (कांदा नंतर कसाही कापला तरी शिकवता येतो.) सर्व्हिसची आवड असेल तर फूड अँड बेव्हरेजचा ट्रेड घ्या, वायनरीवाल्या नाशकात वाइन नीट ओतता येणं कामी येतं. फक्त प्रवेशाआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा:

- प्रमाणपत्र केंद्र सरकारमान्य नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट (पूर्वीचं एनसीव्हीटीचं) आहे का?
- प्रॅक्टिकलला प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी मिळते का?

मात्र पुढे मोठ्या साखळी हॉटेलांत मॅनेजमेंट ट्रेनी व्हायचं असेल तर डिग्री बहुतेक ठिकाणी मागतातच. त्यासाठी बारावी करा, इंग्रजी विषय ठेवा आणि एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंट डिग्रीची प्रवेश परीक्षा द्या.