समुपदेशक म्हणून काम करताना आतून काहीच हलत नाही. माझ्यातली माणुसकी संपली का?

तुम्ही लिहिलंय की समोरचा माणूस रडत असतो आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे जातं; रजा घेऊन आलात तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. मीही समुपदेशक आहे, नवीन सहकाऱ्यांचं सुपरव्हिजन करते, म्हणजे त्यांच्या केसेसवर त्यांना मार्गदर्शन करते, आणि ही तक्रार मी वारंवार ऐकते. याला माणुसकी संपणं म्हणू नका.

यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, आधी त्या वेगळ्या करा. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं पार थकून जाणं, येतं ते कामाच्या रचनेतून: एकापाठोपाठ एक सेशन, साचलेल्या नोंदी, वेळापत्रकावर आपला काडीचाही ताबा नाही. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्येही त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून आहे. ओळखायची खूण? क्लायंटनं अपॉइंटमेंट रद्द केल्याचा मेसेज आला की हायसं वाटतं. किंवा ‘आज तीन डिप्रेशन आणि एक ओसीडी आहे’ असं आपण बोलायला लागतो. माणसांची नावं गळून पडतात, उरतात फक्त आजारांची.

कम्पॅशन फटीग, म्हणजे सहवेदनेचा थकवा, मात्र ऐकलेल्या गोष्टींमधून येतो. केसेस मोजक्याच असल्या, पण सगळ्या अत्याचाराच्या असल्या, तरी तो गाठतो. क्लायंटनं सांगितलेला प्रसंग रात्री डोळ्यांसमोर येतो, किंवा मन स्वतःला वाचवायला दारच लावून घेतं. तुमचं ‘काहीच हलत नाही’ हे मला बरंचसं या दुसऱ्या प्रकारचं वाटतं. अर्थात, एवढ्या वर्णनावरून खात्रीनं सांगणं योग्य नाही.

आता डायरी उघडा आणि गेल्या महिन्यात कोणत्या केसच्या शेजारी कोणती केस होती ते बघा. ट्रॉमाची, म्हणजे जबर मानसिक आघाताची, दोन सेशन लागोपाठ असतील तर ती आधी एकमेकांपासून लांब ठेवा. मधली दहा मिनिटं नोंदी लिहिण्यात घालवू नका. उठा, खोलीबाहेर जा, तोंडावर पाणी मारा. सुपरव्हिजनमध्ये फक्त केसबद्दल बोलणं होत असेल तर ‘माझं काय होतंय’ यासाठी वेगळा वेळ मागून घ्या. झोप उडाली असेल, जगण्यातला रस गेला असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नका, स्वतःसाठी थेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दुसऱ्यांना मदत घ्यायला सांगणाऱ्या आपल्यालाच ती घेणं सगळ्यांत जड जातं, हे मी रोज बघते.

संस्था केसेस कमी न करता नुसतं ध्यानाचं वर्कशॉप घेते तेव्हा मला मनापासून राग येतो. श्वास मोजून चाळीस केसेसच्या पंचवीस होत नाहीत. म्हणून वरिष्ठांकडे जाताना आकडे घेऊन जा: आठवड्याला सेशन किती, त्यांत ट्रॉमाची किती, नोंदींसाठी वेळ किती मिळतो. आणि पुढचे काही आठवडे ट्रॉमाची नवी केस देऊ नका, असं लेखी मागा.