मुळा, मूलक आणि ‘जहाल’ बायका

सोलापुरातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘जहाल स्त्रीवादी विचारवंतांच्या मते कुटुंब ही पितृसत्तेची मुख्य संस्था आहे, असं वाक्य नोट्समध्ये आहे. यातली पितृसत्ता आणि आपण एरवी म्हणतो ती पुरुषप्रधानता एकच का? पेपरात कुठला शब्द लिहू?’

पितृसत्तेकडे येतो. पण त्या वाक्याच्या पहिल्याच शब्दाला माझी ठेच लागली.

जहाल! अहो, जहाल विष असतं, जहाल तिखट असतं. आपल्याकडची शेंगाचटणी कुणी हात सैल सोडून केली तर तीही जहाल होते. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा टिळकांचे ते जहाल आणि गोखल्यांचे ते मवाळ, हेही बरोबर. कारण तिथे भांडण मात्रेचंच होतं, किती कडक जायचं याचं. पण तो जहाल इंग्रजीतल्या ‘एक्स्ट्रिमिस्ट’साठी होता. तोच उचलून कुणीतरी ‘रॅडिकल फेमिनिझम’मधल्या ‘रॅडिकल’ला चिकटवला आणि तेव्हापासून तो शब्द बायकांच्या आवाजाची पट्टी मोजत बसला आहे. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ मठ्ठ्याचा घोट घेत सांगत होते, ‘पुतण्याची बायको जहाल स्त्रीवादी आहे.’ का, तर तिने आडनाव बदललं नाही. ही फार तर बँकेच्या पासबुकाची सोय झाली. रॅडिकलपणा कुठे आला यात?

रॅडिकल हा शब्द लॅटिन ‘रॅडिक्स’पासून आला. रॅडिक्स म्हणजे मूळ. आणि त्याच रॅडिक्सपासून इंग्रजीत आला ‘रॅडिश’, म्हणजे मुळा! आता मराठीकडे बघा. आपला मुळा कुठून आला? संस्कृत ‘मूलक’पासून, म्हणजे मूळ या शब्दापासूनच. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि दोघींनी त्या पांढऱ्या कंदाकडे बघून एकच नाव ठेवलं. याहून पुढची गंमत रसायनशास्त्रात आहे. रॅडिकलला आपल्या शाळेच्या पुस्तकात काय म्हणतात? मूलक! आम्लधर्मी मूलक, आम्लारिधर्मी मूलक हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण आपण संस्कृतात मुळे मोजतो आहोत हे एकाही मास्तराने सांगितलं नाही. वर्गमुळाच्या चिन्हालाही इंग्रजीत रॅडिकलच म्हणतात. ‘इरॅडिकेट’ फोडा, आत रॅडिक्स. ‘निर्मूलन’ फोडा, आत मूळ. सांधे जसेच्या तसे.

लक्ष्मी मंडईत भाजीवाली मावशी पाल्यासकट जुडी हातात देताना ‘मुल्लंगी घ्या’ म्हणते. तिची भाषा तेलुगू, आणि कन्नडातही मूलंगीच. यातही आपलं मूळच दडलेलं आहे असं माझं मत. द्राविडी भाषांचे एक जाणकार मित्र यावर नाक मुरडतात. मुरडोत. जुडी हातात घेतल्यावर आधी काय दिसतं, पाला की मूळ, एवढंच त्यांनी मला सांगावं.

सांगायचं म्हणजे, योग्य शब्द ‘मूलगामी’. एक निवृत्त प्राध्यापक दर वेळी ऐकवतात, ‘परिभाषेत जहाल रुळला आहे, आता छेडू नका.’ रुळला म्हणजे काय? सोलापूरजवळ होटगी जंक्शनला सांधा चुकला तर हैदराबादची गाडी विजापूरच्या रुळावरूनही झकास पळेल. दुसरे एक कोशप्रेमी ‘आमूलाग्र’ सुचवतात. ते निदान मुळापर्यंत पोचले. पण आमूलाग्रात अग्रही आहे, मुळापासून शेंड्यापर्यंत. या बायकांना शेंडा छाटण्यात रस नव्हता. कायदे सुधारा, नोकऱ्या द्या, ही मागणी उदारमतवादी स्त्रीवादाची. मार्क्सवाद्यांनी मूळ खाजगी मालमत्तेत शोधलं. मूलगामी म्हणाल्या, आणखी खणा; मूळ स्त्री-पुरुष नात्यातच आहे, स्वयंपाकघरात आणि अंथरुणात. केट मिलेट या अमेरिकन मूलगामी लेखिकेने १९७० साली कुटुंबावर बोट ठेवलं. त्याच वर्षी दुसरी मूलगामी लेखिका शुलामिथ फायरस्टोन म्हणाली, मूल पोटात वाढवण्याचा भार बाईवर आहे हेच मूळ, तो यंत्राकडे जाईपर्यंत सुटका नाही. पटो न पटो, याच्या खाली खणायला जागा उरत नाही. १९६८ साली अटलांटिक सिटीत सौंदर्यस्पर्धेबाहेर न्यूयॉर्कच्या मूलगामी बायकांनी उंच टाचांचे बूट, झाडूपोछे, काचोळ्या पिंपात टाकल्या. बोभाटा झाला तो मात्र काचोळ्या जाळल्याचा. तिथेही जगाला आगच हवी होती, म्हणजे आपला जहालच.

हां, कुटुंब. ‘फॅमिली’ लॅटिन फामिलियावरून, आणि तो फामुलुस म्हणजे घरचा नोकर-गुलाम यावरून. हे ऐकून आपल्याकडचे लोक ‘बघा, पाश्चात्य संस्कृती!’ म्हणतात. थांबा. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ या वाक्यात कुटुंब म्हणजे कोण? एकटी बायको! आणि ती नवऱ्याला काय म्हणते? मालक. लॅटिनला हसायला तोंड उरतं का?

आमच्या गल्लीत एक बाई विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात पत्रीने मापात कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक फेर, दोऱ्याचे दोन वळसे. बोलताना खाली बघतसुद्धा नाही. घराचा किराणा त्यावर चालतो. रेशनकार्डाचा अर्ज भरून देताना मी विचारलं, ‘काम काय लिहू?’ तर म्हणाली, ‘काय न्हाई ओ, घरीच असते की. मालक कामाला जातेत.’ मालक तेव्हा तीन महिने घरी बसून होते.

तर तुमचा प्रश्न. एकच नव्हेत. पुरुषप्रधान म्हणजे पुरुषाला पहिलं पान. चालरीत सांगणारा शब्द. पितृसत्तेत पुरुष नाही, पिता आहे. मिलेटच्या मांडणीत तिला दोन बाजू आहेत : पुरुषाने बाईवर आणि थोरल्या पुरुषाने धाकट्यावर हुकूम चालवायचा. म्हणून बापापुढे मान खाली घालणारा तीस वर्षांचा मुलगाही तिच्यात बसतो, आणि त्याच बापाच्या वतीने सुनेला पदर घ्यायला लावणारी सासूही. पुरुषप्रधान शब्दात ही सासू मावत नाही. तेव्हा पेपरात पितृसत्ताच लिहा. आणि जहाल खोडून मूलगामी करा. परीक्षकांनी गुण कापले तर त्यांना मुळ्याचं सांगा.

‘सत्ता’ राहिलाच की! संस्कृतात त्याचा अर्थ नुसतं असणं. असण्याचा अंमल कधी झाला, आणि नेमका कुणाच्या असण्याचा, यावर माझं एक मत आहे, पण ते कुणी विचारलं की.