स्पायरोमेट्री नॉर्मल, मग दमा ओळखायचा कसा?

प्रश्न : वय 34. तीन महिने पहाटे खोकल्यानं जाग येते, छाती आवळल्यासारखी होते. दुपारी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची चाचणी केली, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर तरी दम्याची शंका घेतात. का?

उत्तर : दम्यातल्या श्वासनलिका कायम आकसलेल्या नसतात, त्या आकसतात आणि सुटतात. तुमचा त्रास पहाटेचा, चाचणी दुपारची. शिवाय 'नॉर्मल' ठरतं ते तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी लोकांवरून. एखाद्याचा एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, एरवी अपेक्षेच्या 110 टक्के असते. ती 88 वर आली तर पाचवा हिस्सा गेला, पण रिपोर्टवर शिक्का नॉर्मलचाच.

पंप दिल्यानंतरचे आकडे रिपोर्टमध्ये आहेत का, पाहा. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचे 200 ते 400 मायक्रोग्रॅम देऊन 10-15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. एफईव्ही-वन 12 टक्के आणि किमान 200 मिलिलिटर वाढला, तर तो दम्याच्या बाजूनं पुरावा. पहिली फुंकर चांगली आली म्हणून दुसरी टाळणं आम्हाला पटत नाही. आणि दोन आठवड्यांवरचा खोकला असेल, तर दम्याचा विचार चालू असतानाच बेडका आणि छातीचा एक्स-रे तपासून टीबी नाही ना, हे पाहायलाच हवं. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तेही सांगा. त्यांनीही कोरडा खोकला येतो.

प्रश्न : पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारं छोटं यंत्र आणायला सांगितलंय. घरी मोजलेल्या आकड्यांना काही अर्थ असतो?

उत्तर : नीट मोजले तर भरपूर. नळ्या पहाटे आकसतात तेव्हा प्रयोगशाळा बंद असते, मीटर उशाशी असतं.

उभं राहा, काटा शून्यावर आणा, छाती पूर्ण भरून श्वास घ्या, ओठ घट्ट आवळा आणि एकाच झटक्यात जोरात फुंका. फुगा फुगवल्यासारखं लांबवू नका. असं तीन वेळा करा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. बोट काट्याच्या वाटेत आलं किंवा ओठांच्या कडेनं हवा निसटली की आकडा कमी येतो. थुंकल्यासारखा जिभेचा झटका दिला किंवा खोकला आला, तर खोटा जास्त येतो. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी आणि रात्री, असं दोन आठवडे. मीटर एकच ठेवा, दोन कंपन्यांचे आकडे जुळतीलच असं नाही.

आता हिशेब. सकाळी 340, रात्री 400. फरक 60, दोन्हींची सरासरी 370, म्हणजे चढउतार 16 टक्के. असे रोजचे टक्के काढून त्यांची सरासरी घ्या. मोठ्यांत ती 10 च्या वर, मुलांत 13 च्या वर गेली तर दम्याची शक्यता वाढते. बेकरीत किंवा सूतगिरणीत कामाला असाल तर दिवसातून चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे दिवस वेगळे खुणावून मोजा. सुट्टीत आकडे सुधारत असतील तर धूळ कुठली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : मेथाकोलीन चाचणीत मुद्दाम दम लावतात म्हणे. धोका नाही?

उत्तर : अगदी कमी मात्रेपासून वाढवत औषध हुंगवतात आणि प्रत्येक मात्रेनंतर फुंकायला लावतात. एफईव्ही-वन 20 टक्के घसरला की थांबतात, साल्ब्युटामॉल देतात आणि श्वास पूर्ववत होईपर्यंत बसवून ठेवतात. एफईव्ही-वन मुळातच अपेक्षेच्या 60 टक्क्यांखाली असेल, गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर ही चाचणी करत नाहीत. हिचं खरं बळ 'नाही' म्हणण्यात आहे : स्टेरॉइडचा पंप चालू नसताना, त्रास होत असलेल्या दिवसांत मात्रा 16 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत वाढवूनही तेवढी घसरण झाली नाही, तर दमा बहुधा नाही. पॉझिटिव्ह मात्र नुसत्या ॲलर्जिक सर्दीतही येऊ शकते. ही चाचणी सगळीकडे होत नाही. व्यायामानं त्रास होत असेल तर ट्रेडमिलवर 6 ते 8 मिनिटं जोरात पळवून एफईव्ही-वन मोजणं हा पर्याय आहे.

प्रश्न : दोन महिने ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा स्टेरॉइड असलेला पंप घेतोय. आता चाचणी नॉर्मल आली. दमा नव्हताच ना?

उत्तर : औषधानंच नॉर्मल आली असेल. श्वासनलिकांची सूज दाखवणाऱ्या, श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या चाचणीचा आकडाही याच पंपामुळे खाली येतो; मोठ्यांत 50 पीपीबीच्या (अब्जात 50 भाग) वरचा आकडा दम्याकडे बोट दाखवतो, पण कमी आकड्यानं दमा खोडला जात नाही. हा पंप दिवसातून दोनदा घेत असाल तर चाचणीआधी साधारण 24 तास थांबवतात, तेही डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. त्याला फुंकताच येत नाही.

उत्तर : या वयात निदान लक्षणांच्या नमुन्यावरून आणि मास्क-स्पेसरनं (पंपाला जोडायची मास्क लावलेली नळी) दिलेल्या औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून होतं. घरघर ऐकू आली की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : जिना चढताना घसा आवळतो, श्वास आत घेताना आवाज येतो. पंपानं फरक नाही.

उत्तर : ही खूण घशाची वाटते. श्वास आत घेताना स्वरतंतू जवळ येतात आणि त्रास काही मिनिटांत ओसरतो. स्पायरोमेट्रीच्या आलेखात आत घेतलेल्या श्वासाची खालची कमान सपाट दिसते का, हे डॉक्टरांना विचारा. खात्री त्रास चालू असताना कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिल्यावरच होते आणि उपचार स्पीच थेरपिस्टकडचे श्वासाचे व्यायाम हा असतो. काहींना हा त्रास आणि दमा दोन्ही असतात, म्हणून तोवर चालू असलेला पंप स्वतःहून बंद करू नका.