तो आयबेक्स नव्हे, शाम्वा

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरअखेर स्वित्झर्लंडमधल्या क्रे द्यू व्हाँच्या कड्यावर दिसलेला काळपट प्राणी आयबेक्स (डोंगरी रानबकरा) होता की हरीण. ‘गळासारखी शिंगं’ असं तुम्ही लिहिलंत, तिथेच उत्तर मिळालं. तो शॅमॉय, शेळी-मेंढीच्या उपकुलातला डोंगरी प्राणी. त्या भागातले फ्रेंच बोलणारे लोक त्याला शाम्वा म्हणतात.

हरीण तर नव्हेच. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, याची जन्मभर राहतात आणि मादीलाही असतात. आयबेक्स नराची शिंगं कमानीसारखी मागे वळत मीटरभर वाढू शकतात. शाम्वाची जेमतेम वीतभर, सरळ वर जाऊन शेंड्याला एकदम मागे वळलेली. शिवाय फिकट चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकापर्यंत काळा पट्टा. रंगावर मात्र जाऊ नका: उन्हाळ्यात तांबूस दिसणारा हाच प्राणी हिवाळ्यात जवळजवळ काळा होतो.

स्वभावही वेगळा. आयबेक्स बऱ्याचदा माणसाला जवळ येऊ देतो, शाम्वा लगेच बुजतो. त्याच कड्यावर एका जूनमध्ये मी पालथा पडून दुर्बीण लावली होती. खाली तळहाताएवढ्या कपारीवर मादी उभी होती. तिने पुढचा पाय आपटला, नाकातून तीक्ष्ण शीळ घातली आणि निघाली. मागून काही आठवड्यांचं पिल्लू, ती जिथे पाय ठेवेल नेमकं तिथेच पाय ठेवत. खुराची कड टणक आणि आतला तळ मऊ, त्यामुळे कड खडकाच्या कंगोऱ्यात रुतते आणि तळ घसरू देत नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, पण ते पिल्लू बघताना माझाच श्वास अडकला.

गाडी पुसायच्या ‘शॅमी’चं नाव याच्याच कातड्यावरून आलं. आता बाजारात मिळतं ते बहुतेक मेंढीचं कातडं, नाहीतर कृत्रिम कापड.

आपल्याकडे शाम्वाच्याच उपकुलातला घोरल हिमालयात आहे. केदारनाथ अभयारण्यात सकाळी लवकर उतारांवर दुर्बीण फिरवा.

एक कळकळीची विनंती. नोव्हेंबरात शाम्वांचा माज, म्हणजे जोडी जमवण्याचा काळ, असतो. नर धड चरत नाहीत, खंगतात आणि लगोलग बर्फ पडतं. त्या दिवसांत फोटोसाठी पाठलाग केला, तर पळण्यात जाणारी चरबी त्यांना वसंतापर्यंत भरून काढता येत नाही. आखलेली पायवाट सोडू नका, कुत्रा बरोबर असेल तर साखळीला ठेवा. आणि क्रे द्यू व्हाँचा कडा सुमारे 160 मीटर सरळ तुटलेला आहे, काठावर उभ्याने वाकून बघू नका.