वाचकांचे प्रश्न : आयलायनर पेन रोजच्या वापरात

प्रश्न : इतकी वर्षं काजळाची पेन्सिलच वापरली. आता रोजसाठी लिक्विड आयलायनरचं पेन घेतलंय. रेघ कुठे जाड, कुठे तुटक येते आणि बाहेरचं टोक दोन्ही डोळ्यांना सारखं जमत नाही. हाताला वळण नाही, की पद्धत चुकते?

उत्तर : पद्धत. पेन्सिल दाबली की रंग उतरतो, आणि तोच दाब नकळत पेनवर पडतो. पेनाला दाबाची गरजच नाही, शाई आपोआप टोकाशी येते. दाबल्यावर टोक पसरतं, रेघ फुगते आणि फेल्टचं टोक एकदा चपटं झालं की पुन्हा बारीक रेघ देत नाही. म्हणून पेन उभं धरू नका. पापणीला जवळजवळ आडवं ठेवून टोकाची फक्त कड टेकवा. हातावर रेघ ओढून पाहा : कातडी जराही खचता कामा नये, इतका हलका हात हवा.

कोपर टेबलावर टेकवा, करंगळी गालावर. आरसा हनुवटीच्या खाली ठेवून त्यात खाली बघा, म्हणजे पापणी आपोआप ताठ होते. बोटाने कातडी बाजूला ओढून काढलेली रेघ हात सोडल्याबरोबर वाकडी दिसते. सुरुवात मध्यापासून करा. केसांच्या अगदी मुळाशी तीन-चार मिलिमीटरचे छोटे फटकारे देत बाहेरच्या कोपऱ्याकडे जा, मग आतल्या कोपऱ्याकडून मध्याला येऊन मिळा. एका दमात लांब रेघ ओढायचा हट्ट नको.

बाहेरचं टोक मात्र डोळे उघडे ठेवून, आरशात समोर बघतच काढायचं. खालच्या पापणीची कड वर भुवईच्या शेवटाकडे वाढवली तर जी दिशा मिळते, ती टोकाची दिशा. आधी दोन्ही डोळ्यांना फक्त एकेक ठिपका द्या. ठिपके समान उंचीवर आले की मगच जोडा. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळलं की बरोबरी साधण्याच्या नादात दोन्ही रेघा जाड होत जातात. चुकलंच तर ओली शाई पुसू नका, फरफटते. सुकू द्या आणि टोकदार कापसाच्या काडीला जरासं मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) लावून तेवढाच भाग उचला.

प्रश्न : पेनावर वॉटरप्रूफ लिहिलंय, तरी दुपारपर्यंत पापणीच्या वरच्या भागावर काळा ठसा उमटतो. असं का?

उत्तर : कारण तिथे पाणी नाही, तेल आहे. शाई सुकली की तिचा पातळ पापुद्रा बनतो. पाण्याने तो सुटत नाही, पण त्वचेच्या तेलाने आणि क्रीमने मऊ पडतो. पापणी घडीची असेल तर ती दर उघडझापीला त्यावर घासते. आयलायनरआधी पापणीवर क्रीम किंवा सनस्क्रीन असेल तर टिश्यू हलकेच दाबून टिपा, मग बोटाने अगदी थोडी पावडर लावा. केसांच्या मुळाशी साठलेली पावडर झटकायला विसरू नका, नाहीतर तीच पेनाच्या टोकात जाऊन बसते. रेघ काढल्यावर तीस सेकंद नजर खाली ठेवा. पहिले ठसे बहुतेक इथेच पडतात, घाईने वर बघितल्यामुळे. एवढं करूनही उमटत असेल तर रेघ बारीक करा.

रात्री काढतानाही हेच लक्षात ठेवा : तेल असलेला रिमूव्हर कापसावर घेऊन दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून ठेवा, मग खालच्या दिशेने पुसा. रगडू नका.

प्रश्न : दोन महिन्यांतच पेन कोरडं पडलं. टोक पाण्यात बुडवू का?

उत्तर : नको. पाणी आत गेलं तर शाई खराब होऊ न देणारं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) पातळ होतं आणि जंतूंना वाव मिळतो. बहुतेकदा शाई संपलेली नसते, टोक क्रीम-पावडरने बुजलेलं असतं. स्वच्छ टिश्यूवर ते आडवं, हलकेच फिरवा. मळ उतरला की शाई येते. पेन कानाशी हलवून पाहा : आत गोळी खडखडली तर वापरण्यापूर्वी टोपण लावूनच हलवायचं. आवाज नसेल तर हलवून उपयोग नाही, पेन रात्रभर टोक खाली करून उभं ठेवा. टोपण ‘टक’ वाजेपर्यंत लावा. वेष्टनावर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात 6M असेल, तर उघडल्यापासून सहा महिनेच वापरायचं. डोळे आले असतील तर तेव्हा वापरलेलं पेन नवं असलं तरी टाकून द्या.

प्रश्न : हेच पेन डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर चालेल का? मी लेन्स वापरते.

उत्तर : नाही, आणि लेन्स असताना तर मुळीच नाही. त्या कडेवर अश्रूंमध्ये तेलाचा थर मिसळणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात. ओल्या जागी शाई नीट धरत नाही, तिचे कण सुटून डोळ्यात आणि लेन्सवर जातात. लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप पुसण्याआधी काढा.