ठाणे खाडीवर ८ मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे. पाठ करून बोलू की स्लाइड बघून?

पाठ फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य करा; मधलं सगळं मुद्द्यांवरून, स्वतःच्या शब्दांत बोला. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी प्रेझेंटेशनना गुण द्यायला बसते. पाठ केलेल्यांचा एक शब्द निसटला की पुढचं सगळंच अडतं. स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांकडे तर कुणी बघतही नाही, कारण वर्गाने ती ओळ त्यांच्या आधीच वाचलेली असते.

‘आज मी तुम्हाला माहिती देणार आहे’ अशी सुरुवात टाळा. सरळ म्हणा, ‘ऐरोलीच्या पुलावरून आपण जी खाडी ओलांडतो, ती २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.’ माना वर होतील. मग क्षणभर थांबा, आणि हे थांबणं खरंच जपा, कारण घाईत सगळ्यात आधी तेच जातं. स्लाइडवर फ्लेमिंगोंचा किंवा खारफुटीचा एकच मोठा फोटो आणि चार-पाच शब्द पुरेत.

सराव उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून करा. मनातल्या मनात वाचून वेळेचा अंदाज हमखास चुकतो. घरी सात मिनिटांत संपेल एवढंच ठेवा, म्हणजे पेनड्राइव्ह लागेपर्यंत गेलेला वेळही भरून निघेल.

आकडे, सनावळ्या आणि पक्ष्यांची शास्त्रीय नावं मात्र चिठ्ठीत बघूनच सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीचा आकडा ठासून सांगितलात तर प्रश्नोत्तरांत तोच धरला जातो.