वाचक विचारतात : जुना गेम कंट्रोलर टॅबला कसा जोडायचा?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की कपाटात पडलेले गेम कन्सोल बाहेर निघतात. कन्सोल बंद पडलेला असतो, कंट्रोलर मात्र धडधाकट असतो, आणि घरात लेकरांच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅब असतोच. या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत हाच विषय जास्त होता, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे पीएस३चा (सोनीच्या प्लेस्टेशन ३चा) मूळ कंट्रोलर आहे. टॅबच्या ब्लूटूथमध्ये कितीही शोधलं तरी यादीत त्याचं नाव येत नाही. मधलं बटण दाबलं की चारही लाल दिवे लुकलुकतात आणि थोड्या वेळाने विझतात. कंट्रोलर गेला का?
– एक वाचक, परभणी

कंट्रोलर बहुधा चांगला आहे. पीएस३च्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आहे, पण हेडफोन जसा ‘मी इथे आहे’ असं सगळ्यांना कळवतो तसं तो कळवत नाही. त्याची जोडणी केबलमधून होते. केबलने कन्सोलला लावला की कन्सोल आपला ब्लूटूथ पत्ता कंट्रोलरमध्ये लिहून ठेवतो. पुढे पीएसचं बटण दाबलं की कंट्रोलर फक्त त्याच पत्त्याला हाक मारतो. उत्तर आलं नाही की दिवे विझतात. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. टॅबचा पत्ता संगणकावरून कंट्रोलरमध्ये लिहिता येतो, पण पलीकडून अँड्रॉइडने ती हाक स्वीकारावी यासाठी टॅब रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीचं कुलूप उघडावं लागतं. तेवढ्यासाठी रूट करू नका. बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप त्यानंतर चालायला नकार देतात, आणि घरातला टॅब सगळ्यांचा असतो.

सरळ मार्ग वायरचा. त्यासाठी दोन वस्तू लागतात : टॅबच्या पोर्टला बसणारा ओटीजी ॲडॅप्टर (टॅबला यूएसबीच्या वस्तू लावू देणारा जोड), आणि एका टोकाला साधा यूएसबी व दुसऱ्या टोकाला मिनी यूएसबी असलेली डेटा केबल. मिनी म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना आणि एमपी३ प्लेअरना असायची ती जाडसर पिन. मायक्रो यात बसत नाही.

आधी टॅबला ओटीजी चालतं का ते पाहा. ॲडॅप्टर लावून त्यात संगणकाचा साधा माउस जोडा. पडद्यावर बाण दिसला तर काम होणार. दिसला नाही तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ शोधा. काही कंपन्यांनी ते चालू-बंद करायचं बटण दिलेलं असतं आणि काही वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. मायक्रो यूएसबीचा टॅब असेल तर ओटीजीच्या टोकात चौथी पिन जमिनीच्या (ग्राउंडच्या) वायरला जोडलेली असते. त्यावरून टॅबला कळतं की आता वीज आपण द्यायची आहे. टाइप-सीमध्ये हेच काम ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर करतो. साध्या चार्जिंग केबलची टोकं बदलून किंवा कनेक्टर जोडून ओटीजी होत नाही, ते यामुळे.

आता कंट्रोलर जोडा आणि पीएसचं बटण एकदा दाबा. हे दाबणं विसरलं तर टॅब कंट्रोलर ओळखतो, पण एकही बटण चालत नाही. सगळं जुळलं तर बहुधा चारपैकी एकच दिवा स्थिर राहतो आणि बाणांच्या बटणांनी होम स्क्रीनवरची निवड सरकू लागते. दिवे लुकलुकतच राहिले तर दोन शक्यता उरतात. पहिली, केबल फक्त चार्जिंगची आहे आणि आत डेटाच्या दोन वायरी नाहीत. हीच केबल संगणकाला लावा. संगणकाने कंट्रोलर ओळखला तर केबल निर्दोष. दुसरी, टॅबच्या कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यात, सोनीच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो ओळखून चालवणारा प्रोग्रॅम) घातलेलाच नाही. स्वस्तातल्या टॅबमध्ये हे आढळतं आणि कुठलंही ॲप टाकून ते भरून निघत नाही. अशा वेळी दुसऱ्या टॅबवर किंवा फोनवर करून पाहा.

नकली कंट्रोलर जोडल्याबरोबर सतत थरथरत राहिला तर घाबरू नका. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स असतं, आणि काही नकली संच जुन्या लिनक्स ड्रायव्हरचा संदेश चुकीचा समजतात. नव्या ड्रायव्हरमध्ये हे दुरुस्त केलेलं आहे.

एक लक्षात ठेवा : हा कंट्रोलर मोबाईलच्या चार्जरवर सहसा चार्ज होत नाही. समोर त्याच्याशी बोलणारा पोर्ट लागतो, म्हणून लॅपटॉपला किंवा चालू संगणकाला लावून तो आधी पूर्ण भरा. रिकामा लावलात तर तो टॅबची बॅटरी ओढत बसेल.

प्रश्न : एक्सबॉक्स ३६०चा वायरलेस कंट्रोलर आहे. गंजगोलाईतून ओटीजी आणली, कंट्रोलरची चार्जिंग केबल त्यात लावली, पण टॅबला काहीच कळत नाही.
– एक वाचक, लातूर

ती केबल फक्त वीज नेते. ‘प्ले अँड चार्ज’ नावाच्या त्या केबलमधून बटणांची माहिती जात नाही, ती रेडिओनेच जाते. तो रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असला तरी ब्लूटूथ नव्हे, मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत आहे. म्हणजे टॅबचं ब्लूटूथ इथे काही कामाचं नाही.

संगणकासाठी निघालेला एक्सबॉक्स ३६०चा वायरलेस रिसीव्हर मिळवा आणि तो ओटीजीत लावा. रिसीव्हरवरचं बटण दाबा, मग कंट्रोलर चालू करून त्याच्या वरच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळचं छोटं बटण दाबा. हिरवी वर्तुळं फिरतील आणि एक पाव भाग स्थिर होईल. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये याचा ड्रायव्हर असतो. एका रिसीव्हरवर चार कंट्रोलर चालतात, ही त्याची खरी किंमत.

अजून खरेदी केली नसेल तर ३६०चा वायरवाला कंट्रोलर पाहा. थेट ओटीजीत लावला की चालतो, सेल लागत नाहीत. जुन्या कंट्रोलरपैकी टॅबसाठी सगळ्यांत बिनत्रासाचा आमच्या मते हाच.

प्रश्न : पीएस२चे दोन कंट्रोलर आहेत. यूएसबी कन्व्हर्टर घेतला. चालतो, पण काठ्या (अंगठ्याने फिरवायच्या स्टिक) हलवल्या तरी खेळात काही हलत नाही आणि बटणांची अदलाबदल झाली आहे.
– एक वाचक, अंबाजोगाई

काठ्यांसाठी मधलं ‘ॲनालॉग’ बटण दाबा, लाल दिवा लागला पाहिजे. दिवा नसताना कंट्रोलर फक्त बटणांची माहिती पाठवतो.

बटणांची अदलाबदल हा बिघाड नाही. कन्व्हर्टर टॅबला ‘मी एक जॉयस्टिक आहे, माझी बटणं एक ते बारा’ एवढंच सांगतो. कोणतं फुली आणि कोणतं त्रिकोण हे टॅबला कळायला मार्ग नसतो. टॅबमधली ती यादी रूट न करता बदलता येत नाही, म्हणून बदल खेळाच्या किंवा एम्युलेटरच्या (जुन्या कन्सोलचे खेळ चालवणाऱ्या ॲपच्या) कंट्रोलर सेटिंगमध्येच करावा लागतो. ज्या खेळात अशी सोय नाही, त्यात पीएस२चा कंट्रोलर नीट चालणार नाही.

दोघांनी खेळायचं असेल तर दोन पोर्टांच्या एका कन्व्हर्टरऐवजी एकेका पोर्टाचे दोन घ्या आणि यूएसबी हबवर लावा. दुहेरी कन्व्हर्टर पुष्कळदा टॅबला एकच यंत्र वाटतो, आणि मग दोघांची बटणं एकाच खेळाडूला हलवतात.

प्रश्न : पीएस३चा कंट्रोलर वायरने छान जोडला गेला, पण बटणं आपोआप दाबली जातात. कधी आर१ चालतच नाही. वजिराबादच्या दुकानदाराने बोर्ड गेल्याचं सांगितलं.
– एक वाचक, नांदेड

बोर्डावर शिक्का मारण्याआधी एक तपासणी करा. बटणं तपासणारं एखादं गेमपॅड टेस्टर ॲप उघडा, कंट्रोलर जोडा आणि त्याच्या पाठीवर मधोमध अंगठ्याने जोर द्या. जोर दिल्यावर किंवा काढल्यावर पडद्यावरची बटणं बदलत असतील, तर दोष फोमच्या एका पट्टीचा आहे.

यातली बटणं थेट बोर्डावर नसतात. ती एका पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर असतात आणि त्या फिल्मचं टोक बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्यांवर नुसतं टेकवलेलं असतं. टेकवून धरायचं काम मागचा छोटा फोम करतो. वर्षं उलटली, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, की तो चपटा होतो, दाब जातो आणि संपर्क कधी लागतो कधी सुटतो.

पाठीमागचे पाच स्क्रू छोट्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. कंट्रोलर पालथा ठेवूनच पाठ उचला. एल२ आणि आर२ च्या आत बारीक स्प्रिंगा आहेत, त्या उडाल्या की सापडत नाहीत, म्हणून खाली पांढरा कपडा पसरून घ्या. बॅटरीचा प्लग वायर ओढून नव्हे, प्लगलाच धरून सोडवा. सेल फुगलेला दिसला तर इथेच थांबा. तो दाबू नका, टोचू नका, तसा परत लावूही नका. नवा सेल घाला.

बोर्डाचा एकमेव स्क्रू काढून बोर्ड हळूच वर घ्या, कारण थरथरीच्या मोटरींच्या वायरी त्याला डाखलेल्या आहेत. खाली काळी प्लॅस्टिकची चौकट आणि तिच्यावर दुमडलेलं फिल्मचं टोक दिसेल. टोक बाजूला केलं की फोम दिसतो. त्यावर त्याच मापाच्या इन्सुलेशन टेपच्या दोन-तीन घड्या चिकटवा, किंवा फोम काढून १ मिलिमीटर जाडीचा नवा लावा. सोनेरी पट्ट्या आणि फिल्मचं टोक मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, इअरबडवर घेऊन पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर फिल्मवरची रेघच निघून जाईल.

घडी फार जाड करू नका. बोर्ड सपाट बसला नाही आणि तुम्ही स्क्रू आवळत गेलात तर मग बोर्ड खरंच जाईल. सुरुवातीच्या काही संचांत फिल्म सॉकेटमध्ये खोचलेली असते. तिथे फोम नसतो, सॉकेट साफ करून फिल्म पुन्हा नीट बसवायची.

फक्त काठी एका बाजूला ओढत असेल आणि बटणं ठीक असतील तर हा इलाज नाही. तो दोष काठीखालच्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे काठी किती कलली ते मोजणाऱ्या भागाचा असतो. तो बदलायला सोल्डरिंग काढावं लागतं, ते काम दुकानातच करून घ्या.

प्रश्न : पीएस४चा कंट्रोलर अँड्रॉइड टॅबला आणि आयपॅडला चालेल का?
– एक वाचक, जालना

दोन्हीला चालेल, वायरशिवाय. अँड्रॉइड १० किंवा पुढचं हवं. आयपॅडवर २०१९ मध्ये आलेलं आयपॅडओएस १३ किंवा पुढचं. शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरा. पुढचा दिवा भराभर दोन-दोनदा लुकलुकला की सोडा आणि ब्लूटूथच्या यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ निवडा. पुन्हा कन्सोलवर वापरायचा असेल तर एकदा केबलने कन्सोलला लावावा लागेल.

पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०चे कंट्रोलर मात्र आयपॅड घेत नाही. एक्सबॉक्स वनच्या बाबतीत मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लॅस्टिक बघा : ते पुढच्या भागाशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे. वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर नाही.

आणि खेळ कोणता तेही बघा. माइनक्राफ्ट कंट्रोलर ओळखतो, पण केवळ बोटांनी खेळायला बनवलेले पुष्कळ गेम ओळखतच नाहीत. बोटांचं सोंग घेणारी ॲप, म्हणजे बटण दाबलं की पडद्याला बोट लागल्यासारखं भासवणारी, ऑनलाइन खेळात वापरली तर खातं बंद होऊ शकतं.

प्रश्न : जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचा ९ पिनी कंट्रोलर टॅबला जोडता येईल का? थोडंफार सोल्डरिंग येतं.
– एक वाचक, धाराशिव

येईल, आणि सोल्डरिंग शिकणाऱ्यासाठी हे फार चांगलं काम आहे. त्या कंट्रोलरमधून पाचच वायरी येतात : ५ व्होल्ट, जमीन, लॅच (बटणांची स्थिती पकडायचा इशारा), क्लॉक (पुढचं बटण मागायचा ठोका) आणि डेटा. आतली चिप आठ बटणांची स्थिती एकामागून एक एकाच वायरवर पाठवते. एटीमेगा ३२यू४ चिपचा ५ व्होल्टवाला ‘प्रो मायक्रो’ बोर्ड घ्या, कारण तो यूएसबीवर स्वतःला कंट्रोलर म्हणून दाखवू शकतो.

वायरीच्या रंगांवर विसंबू नका, नकली संचांत ते वाटेल तसे असतात. कंट्रोलर उघडून मल्टीमीटरच्या बीपवर माग काढा. सगळ्या बटणांच्या एका बाजूला सामाईक असलेली रेघ म्हणजे जमीन. डेटाच्या पिनला प्रोग्रॅममध्ये पुल-अप द्या, म्हणजे काही जोडलेलं नसताना ती १ वाचते. लॅच १२ मायक्रोसेकंद वर करून खाली आणा आणि लगेच डेटा वाचा, हे पहिलं बटण. मग क्लॉकचे सात ठोके, प्रत्येकानंतर एक वाचन. क्रम असा येतो : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. बटण दाबलेलं असताना शून्य मिळतं. सगळं उलटं दिसलं तर चूक तिथेच आहे.

बोर्डाला कीबोर्ड म्हणून नव्हे, जॉयस्टिक म्हणून दाखवा. कीबोर्ड जोडलेला दिसला की अँड्रॉइड पडद्यावरचा कीबोर्ड लपवतो आणि नाव टाइप करायची पंचाईत होते. आणि हे ९ पिनी टोक जुन्या संगणकाच्या सिरीयल पोर्टात अगदी चपखल बसतं, पण तिथे लावू नका. त्या पोर्टवर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि कंट्रोलरची चिप ५ व्होल्टची आहे.